जोकिमबाबाच्या गाद्या

खांडबारा
१६ एप्रिल २०२४

गजाला पोरी,

तुझ्या अजीजमामूचा सलाम. पत्र पोचलं. रेवजीने गाडीतून उतरल्या उतरल्या हातात दिलं आणि म्हणाला, "चाचा, जड शे. कोर्टाचं शे का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, भाचीचं आहे. मुलीला शाळेत घालायचंय तिला.

चार पानं. त्यात एक तक्ता. तक्त्यात निळी शाई, लाल शाई, खाली फूटपट्टीने रेघ. तुझ्या लग्नाच्या वेळी आम्ही तौहिदला पाच मिनिटं बघितला होता, तेही तो उभा होता म्हणून.

फोन करा म्हणतेस. चाळीस वर्षं पिंजायच्या मशीनशेजारी उभं राहून माझे कान गेले. फोनवर मी ओरडतो, तू ओरडतेस, आणि शेजारचा चक्कीवाला मला उत्तरं सांगतो. त्यापेक्षा पत्र बरं. रेवजी रोज नंदुरबारला नोकरीला जातोच, तिकीट लागत नाही. माझी मराठी चौथीपर्यंतची, तेवढीच पुरवून पुरवून वापरतो.

मला समजलं ते असं. धुळ्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला तुझा नंबर लागला. दोन वर्षं तिथंच राहायचं. पाच मेपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर तुझी जागा दुसरीला. तौहिद जानेवारीपासून सुरतला, सहा जणांच्या खोलीत. तुझी सासू शहाबानो म्हणते माझे गुडघे गेले, आठ वर्षांच्या पोरीमागं मी धावणार नाही. माझ्याकडं ठेवावी तर इथं घरभर रुईचा फुफाटा, महजबीनच्या छातीत जाईल. म्हणून होस्टेल. आणि अख्ख्या जिल्ह्यात तुला दोनच शाळा पसंत पडल्या, दोन्ही कॅथलिकांच्या. एक नंदुरबारच्या हायवेवरचं होली डोव्ह कॉन्व्हेंट, फाटकावर सिमेंटचं कबूतर असलेलं. दुसरी इथून दोन कोसांवरची संत जोकिमची.

तुझ्या तक्त्यात एक रकाना आहे, "धार्मिक वातावरण." दोन्हीकडं तू लिहिलंस, "क्रॉस आहे." मिशनच्या शाळेत क्रॉस नाही तर काय मिनार असणार? पुढचा रकाना, "मटण." कबूतरवाल्यांकडं अंडं, जोकिमकडं नाताळला आणि ईस्टरला, तेव्हा पोर सुट्टीत घरी. मग हलालचं पान कशाला लिहिलंस? मटणच नाही, तर कापलं कुणी हा प्रश्न कुठून आला?

आणि जोकिम कोण म्हणून घाबरू नको. मी मौलानांना विचारलं. बीबी मरियमच्या बापाला आपण इम्रान म्हणतो, ते जोकिम म्हणतात. म्हणजे पाटी सोडली तर शाळा घरचीच आहे.

आता माझं मत. मी दोन्ही होस्टेलांच्या गाद्या भरतो. दर मे महिन्यात टेम्पो जुन्या गाद्या आणतो, मी खोळ उसवतो, रुई पिंजतो, परत भरतो. कबूतरवाल्यांच्या गाद्या येतात त्या नव्या नवरीसारख्या, एक डाग नाही. जोकिमबाबाच्या गाद्यांवर पिवळे नकाशे. एकावर गुजरात, एकावर महाराष्ट्र, एकावर तापी नदी. तुझे तक्ते राहू दे. माणूस खोटं बोलतं, गादी बोलत नाही. कबूतराकडं घाल.

अजीजमामू


नंदुरबार
२० एप्रिल

मामू, सलाम.

तक्ता फाडला नाहीत ना? त्याच्या मागच्या बाजूला ट्रेनिंगच्या कागदांची यादी आहे.

तुमचं ऐकून काल डोव्हला गेले. सासूबाई सोबत आल्या. गुडघे चालत नाहीत, पण सून काय करते ते बघायचं असलं की चालतात. बसायच्या खोलीत एसी आणि काचेच्या पेटीत मासे. सासूबाई पाऊण तास माशांकडे बघत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "इतला निवांत ते मी आयुष्यमा बसनी नही."

फॉर्म सात पानांचा. "कोणत्या चर्चचे" असा रकाना, "बाप्तिस्म्याची तारीख" असा रकाना. मी क्लार्कला विचारलं, आम्ही मुसलमान, काय लिहू? तो म्हणाला, रेघ मारा. सात पानांत अकरा रेघा मारल्या. शेवटी धर्मगुरूचं वागणुकीचं पत्र हवं होतं. मौलानांनी दिलं, छान उर्दूत, उजवीकडून डावीकडे. सिस्टरांनी ते नीट बघितलं, सरळ केलं, परत उलटं केलं आणि फाइलला लावलं.

मग मुलाखत. मुलीची नाही, आमची. तौहिद सुरतहून व्हिडिओवर. पाठीमागे गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. सिस्टर म्हणाल्या, तुमच्या मुलीकडून तुमच्या अपेक्षा काय? तौहिद म्हणाला, "मॅडम, बाजूला घेतो, दोन मिनिटं." आणि गेला तो गेलाच. सासूबाईंनी मधेच स्पष्ट विचारलं, पोरीच्या डोक्यावर पाणी तर ओतणार नाही ना? सिस्टर हसल्या आणि इंग्रजीत काहीतरी बोलल्या. सासूबाई म्हणतात ते हो असावं.

"मुलीच्या सवयी" असा एक रकाना होता. मी लिहिलं, वाचनाची. खोटं नाही. पोर रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा सोडत नाही.

जागा मिळाली म्हणतात. पक्कं पत्र चार दिवसांत. जोकिमची शाळा मी बघितलेली नाही, आता बघायची गरज दिसत नाही.

एक काम होतं. गादीच्या मापाची जाड रबरी चादर तुमच्याकडे असेल तर रेवजीकडे द्या. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावते, गादी खराब होते.

गजाला


खांडबारा
२२ एप्रिल

गजाला,

रबरी चादर रेवजीजवळ दिली आहे. घडी घालू नको, गुंडाळून ठेव, भेगा पडतात.

पण पोरी, चाळीस वर्षं गाद्या उसवणाऱ्या माणसाला तू तेल सांगतेस? तेलाला जुनं धोतर पुरतं. रबर कशाला लागतं ते मला ठाऊक आहे.

शहाबानोला सांग, वय झालं की होतं, लाजायचं नाही. असरच्या नमाजानंतर, पाच वाजले की, चहा बंद कर म्हणावं. दिवसाला सात कप पिते, ते कुठंतरी जाणारच. आणि तू सकाळी गादी गच्चीवर टाकतेस ती ओली बाजू खाली करून टाकत असशील. तसं करू नको. खालून वाळत नाही आणि गल्लीला तर वरूनही कळतं. मी तर म्हणतो, आता तिची नातच तिला हसेल. साठीच्या बाईपेक्षा आठ वर्षांची पोर शहाणी निघाली.

कबूतराकडं नंबर लागला, ब्येस झालं. सात पानं फॉर्म भरून घेतात म्हणजे पोरं निवडून घेत असणार. जोकिमबाबाकडं मात्र कुणालाही घेतात. सगळ्या जिल्ह्यातली मुतरी पोरं तिथं गोळा झालीत. त्यांच्या साठ गाद्या पुढच्या आठवड्यात सुट्टी लागली की यायच्या आहेत, आतापासून नाकाला फडकं बांधायची तयारी चालली आहे. माझ्याकडं शिवणारी फुलीबाई आहे ना, तिची नात निशा तिथंच शिकते. तिला मी म्हटलं, तुझी नात वास घेऊनच मोठी होणार.  फुलीबाई तशी कमीच बोलते. दाभण मात्र जोरात मारला.

मामू


नंदुरबार
२५ एप्रिल

मामू,

रेवजीने परवा तुमचं पत्र आणि चादर सासूबाईंच्या हातात दिली. मी ट्रेनिंगच्या फिटनेस सर्टिफिकेटसाठी सिव्हिलच्या रांगेत होते. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी महजबीनला म्हटलं, वाच बेटा, मामूने काय लिहिलंय.

तिने वाचलं. स्वल्पविराम आला की थांबून, मास्तरांनी शिकवलंय तसं. चहाचं वाचलं, गच्चीचं वाचलं, "साठीच्या बाईपेक्षा आठ वर्षांची पोर शहाणी" हे वाचलं. "मुतरी पोरं" वाचलं. मग घडी घातली आणि आजीला परत दिलं.

चादर तिच्यासाठी होती, मामू. तौहिद सुरतला गेला त्या आठवड्यापासून चालू आहे. रोज नाही. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले काही आजार नाही, आपोआप थांबेल, बोलू नका. म्हणून मी कुणाला बोलले नाही. तुम्हालाही नाही.

सासूबाईंशी माझं कधी जमलं नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण मी घरी आले तेव्हा त्या पोरीला सांगत होत्या, "खरं शे बेटा. ती चादर मन्हीच शे. मीच चहा जास्ती पिस." आणि मला बाहेर येऊन म्हणाल्या, "तुन्हा मामूले लिख, मन्हा गुडघा दुखतस. गळतस नहीत."

 पोरीला कळत नाही असं नाही. त्या दिवसापासून ती गादीवर बसत नाही. जमिनीवर चटई टाकून झोपते. का विचारलं तर म्हणते, चटई धुता येते.

डोव्हचं पक्कं पत्र काल आलं. सोबत होस्टेलचे नियम. चौथा नियम, "मुलीला अंथरूण ओलं करण्याची सवय नाही असं पालकांनी सहीनिशी द्यावं. आढळल्यास प्रवेश रद्द." मी सही केली. "वाचनाची" लिहिणारी बाई सही पण करते. आता ती तिथे गेली आणि पहिल्याच आठवड्यात झालं तर? नाही पाठवली तर पाच तारखेला धुळ्याला नाही कळवायचं. दहा दिवस आहेत.

तुमचं मत नको आहे. तुमचं मत आम्ही मोठ्याने वाचून झालं आहे.

गजाला


खांडबारा
३० एप्रिल

गजाला,

पत्र मिळालं. तीन दिवस मशीन बंद होतं. वीज होती.

मी चुकलो. ही ओळ एकदाच लिहितो, पाहिजे तर फाइलला लाव.

आता ऐक. जोकिमच्या गाद्या मी टेम्पोवाल्याला थांबवायला सांगितल्या. चाळीस वर्षांत त्या शाळेच्या आत मी कधी गेलो नव्हतो. टेम्पो जातो, टेम्पो येतो, मी नकाशे मोजतो. काल सुट्टी लागायचा दिवस होता. सकाळी सात वाजता फुलीबाईला घेऊन गेलो.

फाटकावर कबूतर नाही, फाटकच नाही. मैदानात बघतो तर पोरी रांगेनं बाहेर येत होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर गादी. साठच्या साठ. भिंतीला टेकवत होत्या, चिंचेखालच्या तारेवर टाकत होत्या, दोन लहान्या मिळून एक उचलत होत्या. मला वाटलं, आज माझ्याकडं द्यायच्यात म्हणून बाहेर काढल्या. फुलीबाई म्हणाली, रोजचं शे.

मी म्हटलं, सगळ्यांच्या का? ज्यांची ओली, त्यांनीच काढावी ना.

तर ही बाई, जी माझ्याकडं बारा वर्षांत बारा वाक्यं बोलली असेल, ती उभी राहून बोलली, "मन्ही निशाबी दोन वरीस गादी ओली करे. पन आठे सकायले बठ्ठ्या पोरी गादी उनमा टाकतस. मंग कोनी ओली, कोनी कोल्ली, कोनले समजस? तुम्हलेच समजस, चाचा, वरीसमा एकदा. आनि तुम्ही बजारमा सांगतस."

मी तिथं चिंचेखाली बसलो जरा. ऊन होतं.

मग मला कबूतरवाल्यांच्या गाद्या आठवल्या. तुला सांगितलं ना, एक डाग नाही. पण दर पावसाळ्यात दोन-तीन बाप माझ्या दुकानात येतात. मोटारसायकलवर गादी बांधलेली, खोळीवर कबूतराचा शिक्का, मागं एक पोर खाली मान घालून बसलेली. म्हणतात, चाचा, ह्याची रजई करून द्या. मी रुई किती निघेल एवढंच विचारतो. भरल्या शाळेच्या दिवसांत पोर घरी का आणि शाळेची गादी बापाजवळ का, हे मी कधी विचारलं नाही. डाग असलेली गादी ती शाळा पोरीसकट घरी पाठवते. मग मे महिन्यात माझ्याकडं नव्या नवऱ्याच उरतात. आणि मी ह्या अकलेवर तुला शाळा सांगत होतो.

जोकिमची होस्टेलची सिस्टर केरळची आहे, मराठी आपल्यापेक्षा बरी बोलते. मी सरळ सांगितलं, आमची पोर मुसलमान आहे, गादी ओली करते, घ्याल का? ती म्हणाली, रडली की कुणाला हाक मारते, आईला की आजीला? मी म्हटलं, बापाला. तिनं ते वहीत लिहून घेतलं. दुसरं काही लिहिलं नाही.

मी शहाबानोचे प्रश्न विचारून घेतले, नाहीतर ती मला सोडणार नाही. प्रार्थनेला बसवता का? बसवतो, निम्म्या पोरी झोपतात. डोक्यावर पाणी ओतता का? सिस्टर म्हणाली, चाचा, उन्हाळ्यात आंघोळीला पुरत नाही. रोजे धरले तर? दोन पोरी धरतात, त्यांची भाकरी झाकून ठेवतो. फुलीबाईच्या घरी वाघदेव पुजतात, निशा होळीला आठ दिवस घरी जाते, कुणी नावं ठेवत नाही.

इंग्रजी कबूतराइतकं नाही. मासे नाहीत. फॉर्म एक पानाचा आहे, सोबत पाठवला. त्यात चर्चचा रकाना आहे, रेघ मार. सवयीचा रकाना नाही.

ठरव तू. माझं मत तू मागितलेलं नाहीस, म्हणून देत नाही. नुसतं काय बघितलं ते लिहिलं.

दुसरा कागद महजबीनचा आहे. तिच्याच हातात दे. आणि तिला म्हणावं, मोठ्यानं वाच, आजी बसलेली असताना, दार उघडं ठेवून.

मामू


खांडबारा
३० एप्रिल

महजबीन बेटा,

मी तुझ्या अम्मीचा मामू. मागचं पत्र मीच लिहिलं होतं, ते तू चांगलं वाचलंस असं कळलं. आता हे वाच. घाई करू नको.

मी अकरा वर्षांचा होईपर्यंत गादी ओली करायचो. अकरा. तू आठ. आमचं पिंजाऱ्याचं घर, घरात चाळीस गाद्या, तरी अब्बांनी मला पोत्यावर झोपवलं. का, तर गिऱ्हाइकाचा माल खराब होईल. मला चौथीत दाखल्यावर अजीज म्हणायचे आणि गल्लीत अजून काहीतरी म्हणायचे. ते तुझ्या आजीला आठवत असेल, ती त्याच गल्लीतली आहे. विचार तिला. सांगणार नाही. चांगली बाई आहे.

मोठा झाल्यावर मी ते विसरून गेलो. इतका विसरलो की दुसऱ्यांच्या गाद्यांना हसायला लागलो. म्हातारी माणसं अशीच असतात, त्यांच्याकडं लक्ष देऊ नको.

मोठ्यांनी तुला सांगितलं नसेल ते सांगतो. ओली रुई खराब होत नाही. उन्हात टाकली, पिंजली की परत नवी. चटई धुवून धुवून फाटते. म्हणून चटई ठेवून दे आणि गादीवर झोप. मी तुझ्यासाठी नवी भरतो आहे.

हे सगळं मोठ्यानं वाचलंस ना? अकरा हा आकडा परत एकदा वाच. बाहेर ऐकू गेला पाहिजे.

तुझा नानू,
अजीज पिंजारी, चौथी पास


नंदुरबार
४ मे

मामू,

वाचलं. दार उघडं होतं. समोरच्या टेलरने शिलाईयंत्र थांबवून ऐकलं. अकरा तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा तुम्ही सांगितलं नव्हतं. मग आजीकडे वळून विचारलं, गल्लीत काय म्हणायचे? सासूबाई म्हणाल्या, "मले याद नही." आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता.

चटई गुंडाळली.

डोव्हला पत्र लिहिलं, जागा नको. कारणाच्या रकान्यात रेघ मारली. धुळ्याला हो कळवलं. जोकिमचा फॉर्म भरला, पाच मिनिटं लागली, मला चुकल्यासारखं वाटलं म्हणून परत एकदा वाचला. तौहिदला फोनवर शाळेचं नाव सांगितलं, तो म्हणाला, पोहायचा तलाव आहे का? मी म्हटलं, नाही, पण तुझं नाव सिस्टरच्या वहीत आहे. महिन्यातून एक रविवार तिथे यायचं. तो पत्रा ठोकायला गेला नाही. म्हणाला, येतो.

सासूबाई विचारतात, त्या दिवशी गुडघ्याचं लिहिलं होतं ते मामूने वाचलं का?

गजाला


संत जोकिम
११ ऑगस्ट

नानू,

सलाम. मी बरी आहे. इथे शुक्रवारी मटण नाही. बाकीच्या दिवशी पण नाही. प्रार्थनेला मी झोपत नाही, निशा झोपते. ती मला मोठी असून मारत नाही. अब्बू दोनदा आले. सिस्टर मला गोष्टीची पुस्तकं देतात, एका दिवसात एकच.

सकाळी आम्ही सगळ्या गाद्या बाहेर नेतो. पाऊस असला तर व्हरांड्यात. माझी गादी सगळ्यांपेक्षा जड आहे. निशाची आजी म्हणाली, तुम्ही रुई जास्त भरली. पुढच्या वर्षी कमी भरा. मला एकटीला उचलायची आहे.

महजबीन


खांडबारा
९ मे २०२५

गजाला,

धुळ्याचं पहिलं वर्ष पास झालीस, कळलं. रेवजीने गाडीभर सांगितलं, त्याचीच भाची असल्यासारखं.

जोकिमच्या गाद्या परवा आल्या. एकसष्ट. नाकाला फडकं बांधलं नाही, फुलीबाई बघत होती. बाजारात ह्या वेळी लोकांनी विचारलं, चाचा, यंदा कुठली नदी निघाली? मी म्हटलं, कान गेलेत माझे, ऐकू येत नाही.

तुझ्या मुलीची गादीही त्यात होती. गेल्या वर्षी भरताना मी तिच्या कोपऱ्याला आतून हिरवा दोरा बांधला होता, ओळखायला. मीच बांधला होता, माझाच स्वभाव. दोरा सापडला. फुलीबाई सुई ओवायची थांबली, मशीनवरचा माणूस थांबला. त्यांना वाटलं आता चाचा गादी उलटी करून डाग बघणार.

मी खोळ उसवली, रुई पिंजली, परत भरली. पाव किलो कमी केली, तिला एकटीला उचलता येईल. हिरवा दोरा काढून टाकला.

कशी होती म्हणशील, तर रुई चांगली आहे.

अजीजमामू